ओरल पॅथो घेऊ का, आणि त्यातून कॅन्सर रिसर्च खरंच होतो का?

बीडीएस करणाऱ्या एका मुलीने विचारलंय, प्रश्न थोडक्यात असा आहे. इंटर्नशिप संपत आलीय, नीट एमडीएसची (दातांच्या पदव्युत्तर प्रवेशाची) रँक बरी आहे पण ऑर्थो (दात सरळ करणं) किंवा एन्डो (रूट कॅनल) मिळेल इतकी नाही, ओरल पॅथॉलॉजी (तोंडाच्या रोगांचं मायक्रोस्कोपखाली निदान) मिळतेय. घरचे म्हणतात एक वर्ष ड्रॉप घे. आणि हिला स्वतःला तोंडाच्या कॅन्सरवर काम करायचंय. पुढचं वाक्य तिचंच देते, "मॅडम, पॅथो घेतलं की पेशंट सुटतात का, आणि सायंटिस्ट वगैरे होता येतं की आयुष्यभर फर्स्ट इयरच्या पोरांकडून मेणाचे दात कोरून घेत बसायचं?"

मेणाचे दात कोरून घ्यावे लागतात. मी सव्वीस वर्षं या धंद्यात आहे, अजूनही दर वर्षी नवीन बॅच येते आणि अजूनही मी त्यांच्या वरच्या पहिल्या दाढेचे कस्प (वरचे उंचवटे) मोजते. डेंटल अॅनाटॉमी आणि हिस्टॉलॉजी आपल्याच डिपार्टमेंटच्या गळ्यात असते, त्यातून सुटका नाही, तेव्हा ते आधीच मान्य करून टाक. पण त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या खोलीत मायक्रोस्कोप असतो आणि तिथे जे चालतं त्यासाठी मी ही ब्रँच परत घेईन, दहा वेळा घेईन.

आता पेशंट सुटतात का. सोडले तर सुटतात. आपल्यातले बरेच जण सोडतातच, कारण सोपं पडतं, बाटली येते, तुकडा कासेटमध्ये जातो, टेक्निशियन त्याचा मेणात बसवलेला ब्लॉक करतो, चार-पाच मायक्रॉनचे सेक्शन कापतो, एचअँडई (नेहमीचा रंग) होऊन ट्रे टेबलावर येतो आणि आपण रिक्विझिशन फॉर्मवर ओरल सर्जरीच्या ज्युनियरने घाईत खरडलेलं "ग्रोथ, लेफ्ट बक्कल म्युकोसा" (डाव्या गालाच्या आत वाढ) एवढं वाचून रिपोर्ट लिहितो. मीही पहिली तीन-चार वर्षं हेच करत होते. मग एक केस झाली, ती सांगते, कारण माझं पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं.

साठीच्या पुढचे एक शेतकरी, गालाच्या आत पांढरट, फुलकोबीसारखी वाढ. बायोप्सी आली, मी बघितली, वर भरपूर केराटिन, एपिथेलियम (वरचा थर) जाड झालेलं, पेशी अगदी गुणी, कुठे गडबड नाही. लिहून टाकलं, व्हेरुकस हायपरप्लेसिया (चामखिळीसारखी वाढ), मॅलिग्नन्सी म्हणजे कॅन्सर दिसत नाही. आठ महिन्यांनी तेच गृहस्थ आले तेव्हा वाढ जबड्याच्या हाडापर्यंत गेली होती. जुनी स्लाइड काढून बघितली तर तुकड्यात त्या थराखालचं कनेक्टिव्ह टिश्यू जवळजवळ नव्हतंच, वरवरचा पापुद्रा घेतलेला. व्हेरुकस कार्सिनोमा या चामखिळीसारख्या दिसणाऱ्या कॅन्सरचं हेच तर असतं (पॅथॉलॉजिस्ट अॅकरमनने १९४८ मध्येच हे सगळं लिहून ठेवलंय), पेशी सभ्य दिसतात, निदान होतं ते तळाशी, तो ट्यूमर खालच्या टिश्यूला कसा ढकलतोय त्यावरून. तळच नाही तर मी निदान कसलं करत होते? "तुकडा अपुरा आहे, खोल बायोप्सी पाठवा" हे एक वाक्य लिहायला हवं होतं, आणि ती वाढ मी माझ्या डोळ्यांनी एकदा बघितली असती तर ते वाक्य मी नक्की लिहिलं असतं. चूक सर्जनची होती म्हणायला जागा होती, मी काही दिवस म्हटलंही. नंतर म्हणणं बंद केलं आणि बायोप्सीच्या दिवशी खाली ओपीडीत जाऊन बसायला लागले.

तेव्हापासून नियम, शंका असलेला प्रत्येक पेशंट मी बघते, तोंडात बोट घालून बघते, काय खातो ते स्वतः विचारते. आणि माझं जे काही बरं संशोधन झालंय ते या खुर्चीतून आलंय, लॅबच्या खुर्चीतून नाही. लॅबने उत्तरं दिली, प्रश्न मात्र ओपीडीत मिळाले.

उदाहरण देते. मी विदर्भातली, आमच्याकडे खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घोटून. पश्चिम महाराष्ट्रात मावा, घराघरातल्या बायकांची मिश्री, ती तर त्या तंबाखूत धरतच नाहीत, "मी तंबाखू खात नाही हो, फक्त दात घासते" असं म्हणतात. फॉर्मवर "टोबॅको: नो" लिहून येतं आणि तेच आपल्या डेटात जातं! मग कोणीतरी पेपर लिहितं की तंबाखू न खाणाऱ्या बायकांत अमुक टक्के कॅन्सर. तुला विनोद वाटेल पण मी एका थिसिसच्या व्हायव्हात हे पकडलंय, पोरगा बिचारा रडवेला झाला, त्याची चूक नव्हती, त्याने फॉर्म बघितले होते, बायका नव्हत्या बघितल्या.

आपल्या विषयाचा इतिहासच असा आहे बघ. सबम्युकस फायब्रोसिस घे, तोंडाचं आतलं अस्तर कडक होत जाणारा रोग, तुझ्या ओपीडीत रोज दिसतो, वीस-बावीसचा पोरगा, तोंड दोन बोटंही उघडत नाही, वरणसुद्धा झोंबतं म्हणतो. १९५२ मध्ये श्वार्ट्झने केनियातल्या पाच भारतीय बायकांत तो पहिल्यांदा नोंदवला, पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी टाळू आणि घशाच्या कमानींचा सबम्युकस फायब्रोसिस म्हणून लिहिला. १९६६ मध्ये जेन्स पिंडबोर्ग हा डॅनिश ओरल पॅथॉलॉजिस्ट (हो, ज्याच्या नावाचा ट्यूमर आहे तोच) आणि आपल्या मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमधल्या डॉ. सत्यवती सिरसाट यांचा पेपर आला, आज आपण पाठ करतो ती व्याख्या त्यातली. सिरसाट बाईंनी तिथे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीची लॅब उभी केली, त्या काळात. आपल्या पोरांना पिंडबोर्ग माहीत असतो, सिरसाट विचारलं की गप्प.

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे टीआयएफआर, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च. फिजिक्सची संस्था, कुलाब्याला, आणि तिथे दातांचं युनिट! बेसिक डेंटल रिसर्च युनिट, डॉ. फली मेहता. ही माणसं १९६६ पासून घरोघर गेली, एर्नाकुलम, श्रीकाकुलम, भावनगर, सिंगभूम, दरभंगा. आपल्या महाराष्ट्रातल्या खेड्यांत १,०१,७६१ लोकांची तोंडं तपासली, १९७२ ला छापून आलं. एक लाख तोंडं, टॉर्च आणि आरसा घेऊन. आता तू कुठल्याही पेपरच्या इंट्रोडक्शनमध्ये वाचतेस ना की सबम्युकस फायब्रोसिसचा कॅन्सर होण्याचं प्रमाण ७.६ टक्के, तो आकडा कुठून आला माहितीय? एर्नाकुलममधले ६६ पेशंट, १७ वर्षं फॉलोअप, त्यातल्या ५ जणांना कॅन्सर झाला. १९८५ चा पेपर. पाच भागिले सहासष्ट. बस. सगळं जग चाळीस वर्षं तो आकडा लिहितंय. नमुना छोटा आहे म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात, मी त्यांना म्हणते तू सतरा वर्षं सहासष्ट माणसांच्या घरी जाऊन दाखव, मग बोलू.

तो फॉलोअप करणं हेच अवघड आहे, मशीन विकत मिळतं. आजकाल सगळ्यांना जीन पाहिजे, सिक्वेन्सिंग पाहिजे, पाहिजेच, मी काही जुनाट नाही. खारघरचं अॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र) आणि बंगालमधल्या कल्याणीची एनआयबीएमजी (जिनोमवर काम करणारी राष्ट्रीय संस्था) यांनी मिळून आपल्याकडच्या गाल-हिरड्यांच्या कॅन्सरचं जिनोम काम केलं, २०१३ ला नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलं, टीपी५३, फॅट१, कॅस्पेस८, नॉच१ ही जीनमधली ओळखीची मंडळी होतीच, शिवाय यूएसपी९एक्स, एआरआयडी२ वगैरे नवीन निघाली. असल्या कामात पॅथॉलॉजिस्ट काय करतो ते लोकांना कळत नाही. सर्जनने "ट्यूमर" म्हणून दिलेल्या तुकड्यात कधीकधी अर्ध्याहून जास्त नुसते लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशी) आणि स्नायू असतात, त्याचा डीएनए काढला तर तू पेशंटच्या स्नायूचं सिक्वेन्सिंग करशील. स्लाइडवर पेनने गोल करून "इथलं घ्या" हे सांगणारं कोणीतरी लागतं. ते गोल कुठे काढायचं यात पाच-सात वर्षांचं रिपोर्टिंग असतं.

माझ्या पीएचडीची गंमत ऐक. एमडीएसनंतर चार वर्षांनी मुंबईला गेले, नवरा नागपूरला, मुलगी दोन वर्षांची माझ्या आईकडे, त्याबद्दल नंतर कधीतरी. मी माझ्या जुन्या कॉलेजचे ब्लॉक घेऊन गेले होते, दीडशेच्या वर, मोठ्या अभिमानाने. आरएनए काढायला घेतला तर निम्म्याहून जास्त ब्लॉक बाद. का? तर फॉर्मॅलिन (तुकडा टिकवायचं रसायन) बफर केलेलंच नव्हतं, म्हणजे त्याची आम्लता काढलेली नव्हती, नुसतं पाणी घालून पातळ केलेलं, स्लाइडवर ते काळपट तपकिरी पिगमेंट मी वर्षानुवर्षं बघत होते आणि दुर्लक्ष करत होते. काही सॅम्पल दिवाळीच्या सुट्टीत पाच-सहा दिवस बाटलीत पडून राहिलेले. काही तर कुणीतरी सलाइनमध्ये पाठवलेले, ते बाटलीतच सडायला लागलेले. एचअँडईवर यातलं बरंचसं चालून जातं म्हणून कोणाला पडलेली नसते. दीड वर्ष वाया गेलं माझं, गाइड सर एकच वाक्य म्हणाले, "आता बाटल्यांपासून सुरू करा." परत येऊन मी पहिलं काम केलं ते म्हणजे न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, तुकड्याच्या दहापट, बाटलीवर काढल्याची वेळ लिहायची, शनिवारी आलेलं सॅम्पल सोमवारपर्यंत तसंच ठेवायचं नाही. टेक्निशियन दादा सहा महिने माझ्याशी धड बोलत नव्हते. आता तेच नव्या पोरांना ओरडतात. तू एमडीएसला लागलीस की पहिल्या आठवड्यात फॉर्मॅलिन कोण बनवतं आणि कसं बनवतं ते बघून ये, थिसिसचा टॉपिक नंतर बघ.

रूटीन रिपोर्टिंगला कमी समजू नकोस, हे जरा जास्त सांगते कारण रिसर्च रिसर्च करणारी पोरं तिथेच कच्ची असतात. २०१८ पासून एजेसीसीची (कॅन्सरची स्टेज ठरवायच्या नियमपुस्तकाची) आठवी आवृत्ती लागू झाली आणि तोंडाच्या कॅन्सरच्या टी स्टेजमध्ये (मूळ ट्यूमरच्या स्टेजमध्ये) डेप्थ ऑफ इन्व्हेजन आली, म्हणजे ट्यूमर किती खोल शिरलाय ते. दोन सेंटीमीटरच्या आतला ट्यूमर, खोली ५ मिलिमीटरपर्यंत असेल तर टी१, त्याच्या पुढे टी२, आणि दोन ते चार सेंटीमीटरचा ट्यूमर असेल तर खोली १० पर्यंत टी२, १० च्या वर गेली की टी३. ही खोली कोण मोजतं? आपण. आणि ती जाडी नव्हे, हे दर वर्षी पीजींना सांगावं लागतं. शेजारच्या नॉर्मल म्युकोसाच्या बेसमेंट मेंब्रेनची (वरच्या थराच्या तळाच्या पडद्याची) रेघ धरायची आणि तिथून ओळंबा सोडल्यासारखं सरळ खाली सगळ्यात खोल पेशीपर्यंत मोजायचं. ट्यूमर वर फुगलेला असेल तर जाडी मोठी आणि खोली कमी, व्रण पडून खड्डा झाला असेल तर उलटं. ग्रॉसिंगच्या (आलेला तुकडा बघून कापायच्या) वेळी नॉर्मल कडा सेक्शनमध्ये घेतलीच नाहीस तर रेघ धरणार कुठून? एका मिलिमीटरने स्टेज बदलते, कधी गाठी काढायला मान उघडायची की नाही, रेडिएशन द्यायचं की नाही ते बदलतं. तेव्हा टाटा मेमोरियलमध्ये असलेल्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या टीमची २०१५ ची ट्रायल आहे, सुरुवातीच्या स्टेजलाच मानेच्या गाठी काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के लोक हयात, वाट बघून नंतर काढल्या तर ६७.५ टक्के. मुंबईतल्या एका हॉस्पिटलात झालेल्या कामाने जगभरातला वाद बराच मिटवला. तसल्या ट्रायलमधलं प्रत्येक पॉझिटिव्ह-निगेटिव्ह नोडचं (गाठीत कॅन्सर आहे की नाही याचं) उत्तर कोणीतरी स्लाइडवर बघून दिलेलं असतं, हे लक्षात ठेव.

डिस्प्लेसियाचं, म्हणजे कॅन्सरच्या आधी पेशींत होणाऱ्या बदलांचं, मात्र अजून आपलं आपल्यालाच जमलेलं नाही. माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर, दोन पॅथॉलॉजिस्टना तीच स्लाइड द्या, भांडण नक्की. मी स्वतःच्याच जुन्या पन्नास स्लाइड नाव झाकून परत बघितल्या होत्या आणि माझं माझ्याशी पटलं नाही, किती ठिकाणी ते सांगत नाही. २००६ मध्ये कुजान आणि सहकाऱ्यांनी नुसते दोनच गट करा म्हणून सुचवलं, लो रिस्क आणि हाय रिस्क, त्याने भांडणं थोडी कमी होतात. आता एआयवाले येतात, स्कॅनर घेऊन, मॅडम आम्हाला हजार स्लाइड लेबल करून द्या. देते मी, पण आधी विचारते की त्या माणसाचं पुढे काय झालं हे तुमच्याकडे आहे का? नसेल तर ते मशीन माझी मतं शिकेल, रोग नाही.

आता पैसे, कारण घरचे तेच विचारणार. ऑर्थोवाल्या मैत्रिणीइतके नाहीत, कधीच नाहीत, हे लिहून घे. प्रायव्हेट कॉलेजात लेक्चरर म्हणून लागलीस तर पगार बेताचा आणि काही ठिकाणी तोही वेळेवर नाही, मी एका ठिकाणी पाच महिने बिनपगारी काढलेत. सरकारी जागा थोड्या आणि जाहिरात कधी निघेल ते देव जाणे. काही जण बाजूला जनरल डेंटल क्लिनिक चालवतात, त्यात कमीपणा नाही, मी पण संध्याकाळी आरसीटी (रूट कॅनल) केलेत. हेड-नेक कॅन्सर सेंटरमध्ये जागा असतात पण तिथे रिपोर्टवर सही एमडी पॅथॉलॉजिस्टची की आपली यावरून कुरबुरी चालतात, जायच्या आधी तिथली पद्धत विचारून घे, नंतर चिडून उपयोग नाही. पीएचडीला गेलीस तर जेआरएफ ही फेलोशिप, २०२३ पासून महिना ३७,००० आणि वर घरभाडं, मुंबईत त्यात भागवावं लागतं, भागतं. आयसीएमआरची (वैद्यकीय संशोधन परिषदेची) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप बीडीएसच्या पोरांनाही असते, दोन महिन्यांचा छोटा प्रोजेक्ट, तुझी वेळ गेली पण ज्युनियर्सना सांग. पुढे फेलोशिपसाठी डीबीटी वेलकमच्या इंडिया अलायन्सकडे (संशोधनाला पैसे देणारी संस्था) बघ, क्लिनिशियनसाठी त्यांचा वेगळा विचार असतो. परदेशात ब्रिटन आणि अमेरिकेत ही स्वतंत्र स्पेशालिटी आहे पण तिथे परत परीक्षा, परत ट्रेनिंग, आपली एमडीएस दाखवून लगेच सही करता येत नाही.

पीएचडी एमडीएसला लागूनच करू का, हा तिचा पोटप्रश्न होता. माझं मत, दोन-तीन वर्षं नुसतं रिपोर्टिंग कर. दिवसाला दहा स्लाइड, चुकलेल्या केसेसची स्वतःची वही ठेव. वही म्हणजे खरी वही, कंप्युटर फॉर्मॅट झाला की जातो. तोवर एखादा प्रश्न आपोआप चिकटतो. माझा प्रश्न होता की एकाच वयाचे, तेवढाच खर्रा खाणारे दोन भाऊ, एकाचं तोंड बंद झालं आणि दुसऱ्याला काहीच नाही, का? सुपारीतलं अॅरेकोलिन फायब्रोब्लास्ट या पेशींना कोलॅजनचे तंतू बनवायला लावतं, सुपारीतल्याच तांब्यामुळे लायसिल ऑक्सिडेज हे एन्झाइम वाढतं आणि ते कोलॅजन असं घट्ट विणलं जातं की तुटत नाही, हे सगळं पुस्तकात आहे, पण मग धाकट्याला का नाही झालं? अजूनही पूर्ण उत्तर नाहीये माझ्याकडे, तिसरी पीएचडी स्टुडंट त्यावर बसलीय. मोठा भाऊ दर सहा महिन्यांनी येतो, धाकट्याला ओढून आणतो, धाकटा अजून खातो.

एथिक्स कमिटी आणि संमतीपत्र याबद्दल एकच, ते मराठीत लिही आणि असं लिही की तुझ्या आजीला कळेल. "उती नमुना जैवसंग्रहित करण्यास अनुमती" असलं वाचून कोणी सही करत असेल तर ती संमती नव्हे. मी लिहिते, "तुमच्या तोंडातून काढलेल्या तुकड्याचा उरलेला भाग आम्ही अभ्यासासाठी जपून ठेवू का?" कमिटीने दोनदा परत पाठवलं, भाषा शास्त्रीय नाही म्हणून. तिसऱ्यांदा पास झालं.

घरच्यांना आकडे हवे असतील तर, २०२२ च्या ग्लोबोकॅनप्रमाणे (जगभरच्या कॅन्सरची आकडेवारी) भारतात वर्षाला ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४४ हजार नवीन पेशंट, मृत्यू ८० हजारांच्या आसपास. जगातले एक तृतीयांशाहून जास्त पेशंट आपल्याकडे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे आणि माझ्या ओपीडीत गर्दी आहे. सुपारी तंबाखूशिवायसुद्धा कॅन्सर करते हे आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने) २००४ मध्येच पहिल्या गटात, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्यांत, टाकून सांगितलंय, तरी लग्नात ताटलीत ठेवतातच. केरळात १९९६ पासून झालेल्या ट्रायलमध्ये ट्रेनिंग दिलेल्या साध्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी नुसतं डोळ्यांनी तोंड तपासलं तर तंबाखू-दारूवाल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे काम संपलेलं नाही, धंदा बंद पडेल ही भीती नको, दुर्दैवाने.

ड्रॉप घेण्याबद्दल, ऑर्थो खरंच हवं असेल तर घे ड्रॉप. पण तुझ्या प्रश्नात ऑर्थोबद्दल घरचेच बोलतायत, तू एकदाही नाही. चॉइस फिलिंगच्या आधी एक काम कर, जे कॉलेज मिळतंय तिथल्या पॅथोच्या पीजीला फोन करून तीनच गोष्टी विचार, महिन्याला बायोप्सी किती येतात, आयएचसी (अँटिबॉडी वापरून करायचं खास स्टेनिंग) जागेवर होतं का बाहेर पाठवतात, आणि ट्यूमरची मोठी रिसेक्शन स्पेसिमेन (ऑपरेशनमध्ये काढलेले मोठे भाग) ग्रॉसिंगला येतात का नुसते एपुलिस आणि म्युकोसिल (हिरडीच्या, लाळेच्या साध्या गाठी). तिसऱ्याचं उत्तर "नाही" आलं तर दुसरं कॉलेज बघ, मग ते घरापासून लांब का असेना.

आणि नागपूरच्या बाजूला येणार असशील तर बुधवारी ये, त्या दिवशी आमची बायोप्सी ओपीडी असते. सकाळी माझ्याबरोबर खाली बस, दुपारी वर ड्युअल हेडला (दोघांनी एकाच वेळी बघायच्या मायक्रोस्कोपला) आदल्या आठवड्याचे तेच पेशंट स्लाइडवर बघू. डबा घेऊन ये, कॅन्टीनचं खाऊ नकोस.